पितराचा पाट

“मोतीराम, यंदा पाटावर तूच बस,” पुरण वाटता वाटता पार्वताबाई म्हणाल्या. “दरसाली शेजारच्या नत्थुजीले बसवतो, पन त्यायचं ध्यान जेवनापेक्षा गप्पायत. तू बसला तं यायले बरं वाटीन.”

‘यायले’ म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, खुशालरावांना. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाला तरी पाटावर बसवायचं, गंध लावायचं, पोटभर वाढायचं. तो जेवला की पितर जेवले, अशी वऱ्हाडातली रीत. पोटी लेकरू नसलेल्या बाईनं हा मान भाडेकरूला द्यावा, हे काही थोडं प्रेम नव्हतं. मोतीरामला मात्र हा मान जड गेला.

तो सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. अमरावतीत आल्या आल्या दोन घरमालकांनी जात ऐकून दार लावून घेतलं होतं. म्हणून राजापेठेतल्या या दारात त्यानं आडनाव गाळून ‘तेल्हाऱ्याचा मोतीराम’ एवढंच सांगितलं. बाईंनी पुढं विचारलं नाही, यानंही सांगितलं नाही. तेव्हापासून गडी हसायचासुद्धा मोजूनमापून. आईला एकदाही इथं आणलं नाही. म्हातारी दारातच ‘जयभीम’ म्हणेल ही धास्ती. त्या धास्तीची त्याला मनातून फार लाज वाटे.

निमूट पाटावर बसला असता तर कुणाला कळणार होतं? पण छप्पन साली नागपूरला, आईच्या शेजारी उभं राहून त्यानं प्रतिज्ञा घेतली होती. श्राद्ध करणार नाही, हे त्यात स्वच्छ होतं.

“मावशी, मले नाही बसता येत,” तो म्हणाला. “आमी बौद्ध आहो. हे सारं सोडलं आमी.”

पार्वताबाईंचा हात थांबला.

“अन् हे मले आज सांगून राहिला?”

“पयले सांगतलं असतं तं खोली देली असती?”

त्या पुन्हा पुरण वाटू लागल्या. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर येई.

नत्थुजींना बोलावणं गेलं. ते आले, पाटावर बसले, बोलत बोलत पोटभर जेवले. इकडे मोतीराम खोलीत ट्रंक भरत होता. डोळे सारखे भरून येत होते, आणि तरी कधी नव्हे इतकं मोकळंही वाटत होतं.

दोन ताटं घेऊन पार्वताबाई खोलीत आल्या.

“सैपाकघरात तुले आज नाही बलावत. माह्यं मनच तयार नाही अजून, खोटं कायले बोलू?” त्यांनी ताटं जमिनीवर ठेवली आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. “पन ट्रंक कायले भरून राहिला? जाय म्हनलं का मी?”

मोतीराम हात धुऊन आला. त्यानं एक ताट पुढं ओढलं.

“इतके दिवस राहिला, तुह्या बापाचं नावबी नाही इचारलं मी,” त्या म्हणाल्या. “काय नाव?”

“बुधाजी डोंगरे,” मोतीराम म्हणाला, बाहेर चूळ भरणाऱ्या नत्थुजींनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.