वाकडं आढं

ओळंबा चुकला की माझं डोकं फिरतं. चौकट अर्धा सूत तिरकी गेली म्हणून बापानं मला उपाशी ठेवलं होतं, त्याचा मी मुलगा. त्यामुळे शारजाच्या आमच्या वर्कशॉपमध्ये त्या इंग्रजी खेड्याचे नकाशे आले, तेव्हा मी हसलोच. अल ऐनच्या एका रिसॉर्टला इंग्लंडमधलं अख्खं गाव उभं करून हवं होतं. चर्च, गुत्ता, पाणचक्की, सहा घरं. सगळी सहाशे वर्षांची, आणि ती आम्ही तीन महिन्यांत करायची. वर सगळी वाकडी! चर्चच्या छपराचं आढं मधोमध खचलेलं, गुत्त्याची भिंत रस्त्यावर कललेली.

"नकाशा काढणारा ढोसून बसला होता की काय?" मी म्हणालो.

"सूर्यकांतदादा, फोटोतपण तस्संच आहे," तुकाराम म्हणाला. त्यानं तर नकाशाप्रमाणे बाक देऊन आढं कापूनही ठेवलं होतं.

"मला शहाणपण शिकवू नकोस. सुताराच्या हातून वाकडं जाता कामा नये. फेक ते भंगारात, सरळ काप."

त्यानं मुकाट्यानं सरळ कापलं. आमच्याकडे जो कापतो तोच जॉब कार्डावर सही करतो. त्यानं केली.

तुकारामला इथं मीच आणलेला, अठरा वर्षांपूर्वी. त्याच्या छातीत जुन्या टीबीचा डाग आहे. इथं राहून व्हिसा रिन्यू होतो, पण एकदा कॅन्सल होऊन गावी गेला की नव्या मेडिकलमध्ये नापास. मग खलास. देवरुखला बायको तानुबाई आणि नर्सिंग शिकणारी मुलगी संपदा त्याच्या एकट्याच्या जिवावर. त्याचा रिन्यूअलचा कागद त्याच महिन्यात मॅनेजरच्या टेबलावर पडला होता.

तपासणीला रिसॉर्टच्या आर्किटेक्ट विभावरी मॅडम आल्या. पुण्याच्या. ताठ उभ्या चर्चकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, सहाशे वर्षं ऊन-पाऊस खाऊन ते आढं खचलंय! क्लायंटला तेच तर हवंय. हे कालचं गोडाऊन वाटतंय. सगळं रिजेक्ट."

संध्याकाळी मॅनेजर ओवेसनं आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "हेड ऑफिस को एक नाम चाहिए. कार्ड पे साइन तुकाराम का है. सूर्यकांत, तुमने बोला था क्या इसको?"

तुकाराम माझ्याकडे बघत होता. माझ्याविरुद्ध तो एक शब्द बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. माझी निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू? मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. ओवेसनं रिन्यूअलचा कागद उचलला आणि कॅन्सलेशनच्या फायलीत घातला.

एअरपोर्टला सोडायला मीच गेलो. "तू बोलला असतास तर दोघंही गेलो असतो, दादा," तो म्हणाला. माझी लाज राखायला म्हणाला, दुसरं काय! दोघं गेलो नसतो. मी एकटा गेलो असतो.

नंतर बाक द्यायचा म्हणून मी चार आढी कापली. चारही फसली. जन्मभर सरळ कापलेला हात वाकत नव्हता. शेवटी भंगारातून त्याचं आढं ओढून काढलं. चपखल बसलं.

गावाहून त्याचा फोन आला. मुंबईला एजंटाकडे मेडिकल करून आला होता. नापास. "झालं का चर्च?" त्यानं विचारलं. "माझं कुणाकडे बोलून बघशील?"

"इन्शाल्ला, बघतो," मी म्हणालो. बघण्यासारखं काही उरलेलं नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

आढ्याच्या टोकाला त्यानं पेन्सिलनं 'तु' लिहून ठेवलं होतं. मॅडम यायच्या आधी जुनाट दिसणाऱ्या तपकिरी रंगाचे दोन हात मी त्यावर मारले.

मॅडम मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या. "वा! हुबेहूब. हे आढं कोणी केलं?"

"मी," मी म्हणालो.