माईक आहे ना

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. लग्नात आहेर पुकारणारा नव्हे. बाईंच्या कमरेला पट्ट्याने बांधायचा, डब्याएवढा. माझी वायर वर जाते आणि तिच्या टोकाचा स्पंजचा गोळा बाईंच्या ओठांपाशी थांबतो. बाई बोलतात ते मी मोठं करतो, आणि बोलता बोलता गिळतात तेही मला ऐकू येतं. माझ्याकडे साठा या दुसऱ्या मालाचाच जास्त आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. उल्हासनगरच्या एका दुकानात मी हेअर ड्रायरच्या शेजारी टांगलेला होतो, तिथपासूनचं आठवतं. माधवीबाई आल्या तेव्हा त्यांचा आवाज इतका बसला होता की सिंधी दुकानदार ऐकायला काउंटरवर ओणवा झाला.

"मॅडम, गाना गाती हो क्या?"

"नाही हो सेठ, पाचवीला शिकवते."

"फिर तो दो ले जाओ."

बाई हसल्या. हसण्याचाही आवाज आला नाही.

पालेगावच्या त्यांच्या शाळेत आलो आणि कोडं उलगडलं. शेतांच्या जागी टॉवर आले, टॉवरमध्ये मुलं आली, टॉवर बांधणाऱ्यांच्या पत्र्याच्या खोल्यांतूनही मुलं आली. शाळेच्या खोल्या मात्र होत्या तेवढ्याच. खिडकीबाहेर दिवसभर सिमेंटचा मिक्सर घरघरे आणि बाई त्याच्याशी स्पर्धा करत. मिक्सरला निदान डिझेल मिळे. बाईंचा डबा मधल्या सुट्टीत उघडा राहून तसाच बंद होई.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बजावलं होतं, "स्वरतंतूंवर गाठी येऊ लागल्यात. ओरडायचं नाही, सारखं खाकरायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानेही ताण पडतो. पाणी घोटघोट प्यायचं. आणि वर्ग गप्प झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

बाईंनी आज्ञाधारक मुलीसारखं सगळं पाळलं. टेबलावर पाण्याची बाटली आली. गोंगाट झाला की बाई नुसता हात वर करून उभ्या राहत. आधी पुढचे बाक गप्प होत, मग त्यांचं बघून मागचे. कविता त्या एकदाच म्हणत आणि मग मला सोडून मुलांच्या कमरेला बांधत. पहिली पाळी रिद्धीची आली. रिद्धी म्हणजे हजेरीलाही नुसती मान हलवणारी. तिचा आवाज भिंतीवर आपटून परत आला तेव्हा तिने वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी रांग लागली. एकाने वाचायचं, दुसऱ्याने प्रश्न विचारायचा, बाईंनी बसून ऐकायचं. हो, खुर्चीवर बसून. तोवर त्या खुर्चीवर वह्यांचेच गठ्ठे बसत असत. हळूहळू बाईंकडे संध्याकाळी लेकीला रागावण्यापुरता आवाज शिल्लक राहू लागला. माझ्या आयुष्यातले तेच सोन्याचे दिवस.

आणि तेच नडले. शाळेत कुणाचा भार जरा हलका झाला, की ती मोकळी जागा दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांत भरते. पाचवी ब च्या शिक्षकांना मतदारयादीच्या कामाला नेलं होतं. मुख्याध्यापक हिंदुराव सर एक दिवस आमच्या दारात उभे राहिले.

"बाई, काय छान ऐकू येतंय हो. पार मागच्या भिंतीपर्यंत."

"हो सर. माईकमुळे."

"मग ब तुकडी इकडेच बसवू या का? थोडे दिवस."

"मुलं मावायची कशी सर?"

"खाली बसतील. आवाजाचा प्रश्न नाही. माईक आहे ना."

बाईंच्या तोंडात 'नाही' आला होता, मी साक्षीदार आहे. श्वास आत गेला, जीभ दातांमागे टेकली. आणि बाई म्हणाल्या, "बघते सर." मित्रांनो, शाळेत 'बघते' हा शब्द 'हो' च्या खात्यावर जमा होतो. मी जमेल तेवढी खरखर केली. बाईंनी मला चापट मारली.

दोन तुकड्यांच्या गर्दीत वर केलेला हात मागच्यांना दिसेना. मला मुलांच्या कमरेला बांधायला वाट उरली नाही. वर्ग सोडून बाथरूमला जाता येत नाही म्हणून बाईंनी पाणीच सोडलं. दुपारी माझं चार्जिंग संपे. मग त्या माझ्याशिवाय ओरडत, आणि सकाळी माझ्यासकट.

शेजारच्या वर्गाच्या माया मॅडम चिडल्या. "माधवी, सांग ना सरांना सरळ. हवं तर मी येते सोबत."

"राहू दे गं. त्यांनाही वरून माणूस मिळत नाहीये. थोडेच दिवस."

"तुझे थोडे दिवस मी दिवाळीपासून ऐकतेय."

मग एका सकाळी बाईंनी अपूर्णांक शिकवायला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. माझं काम मोठं करायचं. मी हवा मोठी केली. वर्गभर वारा सुटल्यासारखं झालं. मुलं हसली. "बाई, माईक बिघडला." रिद्धीने पुढे येऊन माझं बटण पूर्ण फिरवलं. वारा वाढला. मग कुणी हसलं नाही.

बाईंचं ऑपरेशन झालं. त्या लांब रजेवर आहेत. आवाज परत येईल का, विचारलं तर डॉक्टरीणबाई "पाहू" म्हणतात.

मी कपाटात धूळ खात होतो. आज हिंदुराव सरांनी मला काढलं, रुमालाने पुसलं आणि माया मॅडमच्या हातात दिलं. "पाचवीच्या दोन्ही तुकड्या तुमच्याच वर्गात बसवतोय, मॅडम. मला दुसरा मार्ग दिसत नाही." खोटं बोलत नव्हते, त्यांचाच आवाज खोल गेला होता.

आता मी माया मॅडमच्या कमरेला आहे. दारात मुलं दप्तरं घेऊन उभी आहेत, त्यांच्यामागे सर. मॅडमनी श्वास घेतलाय आणि तो आतच धरून ठेवलाय.

मित्रांनो, मला चार्ज करा, माझा स्पंज पुसा, एवढंच मागून मी थांबलो असतो. पण तुमच्या बाईंना पाणी पिऊ द्या, बसू द्या, त्यांचा वर केलेला हात दिसला की गप्प व्हा. आणि बाई, तुम्हाला जमणार नसेल तर आवाज आहे तोवर सांगा. एक शब्द पुरे, हळू म्हटलात तरी चालेल. तो मी अख्ख्या शाळेला ऐकवीन. फक्त तो मला म्हणता येत नाही.