तोट्याला रकाना नाही

फोटोत तिचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं — फोटोवाल्याला ती काहीतरी सांगणार होती आणि त्यानं न ऐकताच बटण दाबलं होतं. पॅनकार्डाचा एक कोपरा उललेला, प्लॅस्टिकचा पापुद्रा सुटलेला, आणि त्या पापुद्र्याखाली एकोणीस वर्षांपूर्वीची मुमताज, आता बोलेल, मग बोलेल अशी. सिद्दीकनं कार्ड कीबोर्डाला टेकवून उभं केलं. नंबर त्याला पाठ होता. तरी दर वर्षी तो कार्ड काढायचा, समोर ठेवायचा, बघून टाइप करायचा. अशिलाचं काम करताना अशिलाचा कागद समोर पाहिजे, मग ते अशील आतल्या खोलीत शिलाई मशीनवर का बसलेलं असेना.

मशीन चालू होतं. कारेगावच्या कुठल्याशा कंपनीचे ॲप्रन होते, दोनशे नग, शनिवारपर्यंत. शिरूरच्या या घरात पुढची खोली त्याची, करसल्ल्याची, मागची तिची, शिलाईची, आणि मध्ये एक पडदा. पडद्याच्या या बाजूला लोकांचं उत्पन्न बेतलं जायचं आणि त्या बाजूला लोकांचे खांदे. मुमताजचं रिटर्न म्हणजे पाच मिनिटांचं काम. शिलाईचं उत्पन्न, बँकेचं व्याज, संपलं. व्याजाचा आकडा मात्र तो एका चिठ्ठीवर वेगळा लिहून तिला द्यायचा, कारण व्याज हराम, ते घरात वापरायचं नाही हा तिचा दंडक. तेवढे पैसे ती बाजूला काढायची आणि कुणा नडलेल्याच्या हातात ठेवायची, पुण्याचीसुद्धा आशा न धरता. यंदाची चिठ्ठी तयार होती. एक हजार आठशे शेहेचाळीस.

मग त्यानं खात्याच्या साइटवरचं वार्षिक माहितीपत्रक उघडलं. तुम्ही वर्षभर काय काय केलंत ते सरकार त्यात तुम्हालाच सांगतं. आणि तिथं, व्याजाच्या ओळीखाली... आभासी डिजिटल मालमत्तेचं हस्तांतरण, म्हणजे बिटकॉइनसारख्या नाण्यांची विक्री. एक लाख अकरा हजार दोनशे. एक टक्का कपात. त्याखाली आणखी एक ओळ. एकवीस हजार पाचशे. एक टक्का कपात.

पहिल्यांदा त्याला वाटलं, कुणीतरी तिच्या पॅनवर चोरी केली — आणि नवल म्हणजे, या विचारानं त्याला बरं वाटलं. चोर परवडला असता. चोराविरुद्ध तक्रार करता येते. पण टेबलावर तिच्या बँकेचा उतारा होता, ज्यातल्या फक्त व्याजाच्या ओळी तो इतकी वर्षं बघत आला होता. बाकीच्या ओळी बायकोच्या म्हणून, एक शिष्टाचार म्हणून, त्यानं कधी वाचल्याच नव्हत्या. आता वाचल्या. गेले साठ हजार. गेले सत्तर हजार. आले एक लाख दहा हजार अठ्ठ्याऐंशी, म्हणजे एक टक्का कापून तेच एक लाख अकरा हजार दोनशे. आणि दोन दिवसांनी, रोख काढले, एकेचाळीस हजार दोनशे.

सत्तरवर एकेचाळीस हजार दोनशे. फायदा. काढलेली रोकडही तेवढीच, पैशाचाही फरक नाही. फायदा तेवढाच उचलून तिनं नेला होता... कुठं?

पडद्यापलीकडं मशीन एका लयीत चाललं होतं, निष्पाप माणसाच्या घोरण्यासारखं.

अख्ख्या तालुक्यात सिद्दीकला माहीत नाही असा आकडा नाही, असं लोक म्हणत आणि तोही म्हणू देत असे. कुणाची ठेव मेहुणीच्या नावावर आहे, कोणत्या पुढाऱ्याची बाई कागदावर दूध डेअरी चालवते आणि तिला गाय कुठून पिळायची हेही ठाऊक नाही... हे सगळं त्याच्या पोटात होतं, आणि पोटात राही, ही त्याची खरी कमाई. पण ते आकडे लोक स्वतः आणून देत. हा आकडा कुणी आणून दिला नव्हता. एकतीस वर्षं एका ताटात जेवतो आम्ही, आणि मला सरकारकडून कळतं.

विचारायचं, तर विचारायचं कसं? हे तो ठरवत होता तोच सोपानराव आले. राहू गावचे बागायतदार, सोसायटीचे संचालक, चपला बाहेर काढून पण फोन कानाला लावूनच आत शिरणारे. फोन संपवून त्यांनी आपल्या मेव्हण्याची हकीकत सुरू केली. मेव्हण्यानं म्हणे हौसेनं नाणी घेतली, विकली, चार पैसे झाले, आता रिटर्नमध्ये दाखवावं का न दाखवावं. सिद्दीकनं शांतपणे मेव्हण्याचा पॅन मागितला. सोपानरावांनी खिशातून स्वतःचा काढला.

"सिद्दीकभाई, एक सांगा. सरकार ह्याला पैसा म्हणतंय का?"

"नाही."

"शेअर म्हणतंय का?"

"तेही नाही."

"मग तीस टक्के कशाचं घेतंय? घरात घ्यायचं न्हाई, आन् दारात उभं राहिल्याचं भाडं मागायचं. एक तर बंदी घाला न्हाईतर आपलं म्हणा की."

या वादावर सिद्दीकचं एक ठरलेलं भाषण होतं. दौंडला करसल्लागारांच्या मेळाव्यात ते त्यानं केलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. नियमन करायचं म्हणजे मान्यता द्यायची, मान्यता दिली की उद्या बुडालेले लोक सरकारच्या दारात बसणार; म्हणून सरकारनं मधला रस्ता काढला, की खेळायचं तर खेळा, पण लॉटरीवाल्यासारखा कर भरा, आणि एक टक्का कापून पावलं उमटवून ठेवा. सवयीनं जीभ पुढं निघाली आणि तो ते सगळं बोलत गेला, बोटांवर मोजत, मधे एक विनोद टाकत, आणि शेवटी नेहमीच्या वाक्यावर आला: घाम न गाळता आलेल्या पैशावर तीस टक्के म्हणजे स्वस्तच.

मशीन थांबलं.

दोरा तुटला असेल. बॉबिन बदलत असेल... तो पुढचं बोलायचा थांबला. सोपानरावांनी पडद्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. मशीन पुन्हा सुरू झालं, पण आता जरा जलद.

सोपानरावांचं सगळं दाखवायचं ठरलं. उठताना ते हसत म्हणाले, "तुमच्याकडं आलं की दवाखान्यात आल्यावानी वाटतं बघा. खोटं सांगवत न्हाई आन् खरं सांगायचं भ्या वाटतं. म्हणून माणूस आधी दुसऱ्याचं नाव सांगून विचारतंय."

ते गेले आणि वाक्य मागं खुर्चीत बसून राहिलं.

दुसऱ्याचं नाव सांगून... गेल्या बकरी ईदला ते दौंडला अजीमकडं गेले होते. अजीम मुमताजचा धाकटा भाऊ, रेल्वेत, त्यानं फोनवर आपली नाणी दाखवली आणि सिद्दीकला जेवणानंतरची सुपारी मिळावी तसं झालं. अजीममियाँची टांकसाळ, असं त्यानं नाव ठेवलं. हवा विकत घेऊन वारा विकणारा जमीनदार म्हटलं. पोरंबाळं, सुना, सगळे हसून लोळले. मुमताज बिर्याणीच्या डेगीवरचं झाकण पुसत होती. तिनं अजीमला एवढंच विचारलं, की कुत्र्याचं तोंड असलेलं ते नाणं सोडून दुसरं काही नाही का... आणि त्यावर सगळ्यात मोठ्यानं सिद्दीकच हसला होता. परतताना, न्हावऱ्याच्या अलीकडं, खिडकीबाहेर बघत ती म्हणाली होती, एक टक्का कापला म्हणजे सरकारचं सुटलं ना? कुणाचं, त्यानं विचारलं. असंच, साळूबाई विचारत होती. साळूबाई! हुका-बटणं लावायला येणारी, जिची सगळी पुंजी म्हणजे दोन शेळ्या. साळूबाईनं बिटकॉइन घेतलं की काय, शेळ्या कॉम्प्युटरात बांधल्या की काय, असं म्हणत तो थेट शिरूरपर्यंत हसत आला. मुमताजही हसली होती. हसली होती ना? त्याला आता फक्त तिच्या बाजूची काच आठवत होती.

म्हणजे ती आली होती. अशील येतं तशी, दुसऱ्याचं नाव घेऊन, प्रश्न धुऊन-पुसून. आणि मी — ज्याला सोपानरावांचा मेव्हणा एका क्षणात ओळखू येतो — मी तिला दारातूनच परत पाठवलं. तेव्हा उत्तर दिलं असतं तर एक ओळ पुरली असती. नाही, मुमताज, एक टक्का ही नुसती नोंद आहे, कर पुढं आहे, आणि एकाचा तोटा दुसऱ्याच्या फायद्यातून वजा होत नाही. एवढंच. उलट मी शेळ्यांवर हसलो.

दुपारी तो व्याजाची चिठ्ठी घेऊन पडद्याआड गेला. ती खाली वाकून धागा ओवत होती. चिठ्ठी मशीनवर ठेवून तो स्टुलावर बसला. नेहमी तो बसत नसे.

"एक अशील आहे," तो म्हणाला. "बाई आहेत. शिलाई करतात."

तिचा हात क्षणभर थांबला. मग धागा सुईतून गेला. "बरं."

"त्यांनी नाणी घेतली होती. एकात फायदा, एकात तोटा."

"हुशार आहेत का?"

"उताऱ्यावरून तरी वाटतं."

"मग अडलंय कुठं?"

"फायद्याचे पैसे कुठं गेले, कळत नाही."

तिनं ॲप्रन उलटा केला, शिवण तपासली. "त्या बाईंना वाटलं असेल, हे आपले नव्हेत. घाम न गाळता आलेले. व्याजासारखेच. मौलानांना विचारावं तर सगळ्या मोहल्ल्याला कळणार. म्हणून वेगळे काढले. साळूबाईला बटणाची भोकं दिसत नव्हती हो. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून आणले."

"पावती —" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मागा की. डोळ्यांवर छापून दिली असेल."

तो हसला, तीही हसली, आणि या खेपेला त्यानं नीट बघून ठेवलं. मग मात्र सांगावंच लागलं. कागद मांडीवर घेऊन त्यानं सांगितलं, डॉक्टरनं सांगावं तसं नाही. जमेल तितकं हळू. एकेचाळीस हजार दोनशे फायदा, दुसऱ्या नाण्यात अडतीस हजार पाचशे तोटा. खरं तर हाती राहिले सत्तावीसशे. पण तोट्याला फॉर्ममध्ये जागा नाही. तोटा लिहायला गेलं तर तिथं शून्य टाकायचं. कर आणि वरचा सेस धरून बारा हजार आठशे चोपन्न, कापलेले वजा जाता अकरा हजार पाचशे सत्तावीस. दान दिलं म्हणून सूट नाही.

"थांबा," ती म्हणाली. "फायद्यात सरकार भागीदार?"

"हो."

"तोट्यात?"

"नाही."

"मग ही भागीदारी कसली? नफा झाला तर माझा हिस्सा, बुडालं तर तुझं तू बघ. यालाच तर आपण व्याज म्हणतो ना? मी व्याज घेत नाही, आणि सरकार माझ्याकडून घेतंय."

दौंडच्या मेळाव्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नियमन, मान्यता, मधला रस्ता, सगळं ओळीनं उभं होतं, पण त्यातलं काहीच इथं लागू पडत नव्हतं. तिनं देवाच्या वहीत नफा आपला नाही म्हणून लिहिला आणि तोटा मुकाट्यानं स्वतःच्या अंगावर घेतला. सरकारच्या वहीत नफा तिचाच होता, आणि तोटा झालाच नव्हता. दोन्ही वह्या जुळवायच्या तर मध्ये अडतीस हजार पाचशेची एक बाई उरत होती, ॲप्रन शिवत. हे कुठं दाखवायचं?

"मी भरतो," तो म्हणाला.

"का? अशिलाचा कर तुम्ही भरता?"

"या अशिलाचा भरेन."

"नको. दोनशे ॲप्रनचे येतील त्यातून भरते. घामाचे आहेत, सरकारलाही पचतील." मग जरा थांबून, त्याच्याकडं न बघता: "तेव्हाच सांगणार होते. पण तुम्ही फार हसत होता. आणि मला नुसतं बघायचं होतं, जमतं का. एकातलं जमलं."

 चुकलं म्हणावं, असं त्याच्या मनात आलं, पण एकतीस वर्षांत तो शब्द दोघांत कुणी फारसा वापरला नव्हता आणि एकदम बाहेर काढला तर परका वाटला असता. त्यानं तिच्यासमोरची ॲप्रनची चळत जरा सरळ केली.

उठताना सवयीनं, निव्वळ धंद्याच्या सवयीनं, त्यानं विचारलं, "त्या बाईंकडं अजून काही शिल्लक आहे का?"

"विकल्याशिवाय कर लागत नाही ना?"

"नाही."

"मग तुम्हाला कशाला हवंय?" आणि तिनं मशीनवर पाय टाकला.

बाहेर येऊन त्यानं लांबडा फॉर्म उघडला. यंदा सोपा चालणार नव्हता. फायदा लिहिला. तोट्याच्या जागी शून्य लिहिलं, आणि ते लिहिताना त्याला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आपण काहीतरी खोटं लिहितो आहोत असं वाटलं, कायद्याप्रमाणं अगदी बरोबर असलेलं खोटं. मग हात थांबला.

शिल्लक आहे. किती? पाच हजार? पन्नास? सुरुवातीचे आकडे धरून उलट हिशोब करता आला असता. उताऱ्याचं मागचं पान तिथंच होतं, नुसतं उलटायचं होतं. कायदा विचारत नव्हता. पण कायदा विचारत नाही म्हणून त्याचा हात आजवर कधी थांबला नव्हता... मग आता कशाला थांबला? लग्नाआधी दौंडला तिच्या घरी, फळ्यांच्या दाराआडून ती एकदा कुणाशी तरी काहीतरी बोलून हसली होती आणि ते काय होतं हे त्याला आजवर कळलं नव्हतं. त्या दिवशी परत येताना तो सगळा रस्ता तेच काय असेल याचा विचार करत आला होता, आणि तो रस्ता त्याला लहान वाटला होता. असेल पाच. असेल पन्नास. मागचं पान तो पालथंच ठेवून बसला, उगाच जरा ताठ, कुणीतरी बघत असल्यासारखा. आणि आपल्याला एक आकडा माहीत नाही, या गोष्टीनं आपल्याला राग यायला हवा होता, तो का येत नाही, हे तो कितीतरी वेळ शोधत राहिला.