पक्कं लिंबू

रमाबाईंची उभी हयात खोपटच्या बालवाडीत गेली. इतकी पोरं हाताखालून गेली, पण एकही कधी नजरेआड झालं नाही, अशी त्यांची ख्याती. म्हणूनच सून वैशाली दोन्ही नातवंडांना त्यांच्याबरोबर माजिवड्याच्या नव्या बागेत पाठवायला तयार झाली. निघताना एवढंच म्हणाली, "आई, पाण्यात सोडाल तेव्हा संचूवरची नजर हलवू नका हं."

बागेत फरशीतून उडणारी कारंजी होती. ती सुरू व्हायला अजून वेळ होता, म्हणून पोरांनी लपाछपी मांडली. राज्य थोरल्या देवेशवर.

"संचू कच्चं लिंबू!" त्यानं जाहीर केलं.

"मी नाही कच्चं लिंबू! आजी, सांग ना याला!"

कच्च्या लिंबावर राज्य येत नाही आणि त्याला कुणी मनावरही घेत नाही, हे चार वर्षांच्या संचिताला पक्कं ठाऊक होतं. रमाबाईंनी निकाल दिला, "आजपासून संचिता पक्कं लिंबू."

पहिल्या डावात तिच्या पी-पी वाजणाऱ्या गुलाबी चपलांनी घात केला. दुसऱ्यात देवेश लबाडीनं ओरडला, "संचू, ये लवकर, आजी कुल्फी देतेय!" ती धावत आली आणि सापडली. मग भोकाड.

रमाबाईंनी तिला मांडीवर घेतलं. पोर रडत असलं की त्यांच्यातली बालवाडीची बाई जागी व्हायचीच. "हे बघ बाळा, चपला वाजल्या की लपणारा सापडतो. आणि हाक आली म्हणून बाहेर यायचं नसतं."

"तू हाक मारलीस तर?"

"मी मारली तरी नाही. गळ्याला मूठ लावून टाइमप्लीज म्हटल्याशिवाय डाव थांबत नाही."

संचितानं डोळे पुसले, पिवळी टोपी नीट केली आणि पळाली. देवेश जांभळाच्या झाडाकडे तोंड करून आकडे म्हणू लागला. तेवढ्यात फस्सकन कारंजी उडाली. आकडे तिथंच टाकून तो पाण्यात घुसला. रमाबाईही टॉवेल घेऊन काठाशी जाऊन उभ्या राहिल्या. पोरांच्या गर्दीत पिवळी टोपी उड्या मारत होती. त्यांनी त्या टोपीवरची नजर हलवली नाही.

शिट्टी झाली, पाणी थांबलं. पिवळी टोपी धावत आली आणि भलत्याच बाईच्या कमरेला बिलगली.

"संचू?" रमाबाई म्हणाल्या. मग मोठ्यानं, "संचू! अगं संचिता!"

झोपाळे पाहिले, घसरगुंडी पाहिली, बाकांखाली वाकून पाहिलं. देवेश मागून ओल्या अंगानं धावत होता. रखवालदार गुणाजी लगबगीनं आला. त्याची दोन्ही पोरं रमाबाईंच्याच हाताखाली शिकलेली.

"बाई, घाबरू नका. फाटक बंद केलंय मी."

"आत्ता केलंस. आधी बंद होतं का रे?"

फाटकापलीकडे सर्व्हिस रोड, त्यापलीकडे हायवेवरचे ट्रक. गुणाजीनं दुसऱ्या रखवालदाराला रस्त्याकडे पिटाळलं.

"काय हो आजी, मोबाईलमध्ये बघत बसलेलात का?" कुणीतरी बोललं. "झेपत नाही तर आणायचं कशाला पोरांना?"

त्याच वेळी पर्समध्ये फोन वाजला. वैशालीचाच असणार. रमाबाईंनी पर्स छातीशी घट्ट आवळली, फोन काही घेतला नाही. सुनेला काय सांगायचं?

"संचू! बाळा, ओ दे गं!" घसा फाटेस्तोवर हाका मारत त्या पंपाच्या खोलीमागे पोचल्या आणि थिजल्या. साफसफाईसाठी जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडं ठेवलेलं. टाकीच्या कडेला दोन गुलाबी चपला.

रमाबाई मातीतच बसल्या. गुणाजीनं शर्ट काढून फेकला आणि टाकीत उतरला. पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं. तो श्वास कोंडून खाली जाई, हातांनी तळ चाचपडे, वर येऊन नुसती मान हलवी.

"मी शोधायला गेलोच नाही तिला," देवेश हुंदके देत म्हणाला. "राज्य माझ्यावर होतं, आजी. मी पाण्यात गेलेलो."

रमाबाईंना ऐकू येत होतं, पण त्यांची नजर चपलांवर खिळली होती. दोन्हींचे पट्टे सोडलेले. जोडीला जोडी लावलेली, टोकं भिंतीकडे. बालवाडीच्या दारात त्या प्रत्येक पोराला अशाच ठेवायला लावायच्या, घरी नातवंडांनाही. पाय घसरून पडणारं पोर चपला अशा जोडीनं लावून पडत नाही. या मुद्दाम काढल्यात. वाजू नयेत म्हणून.

आणि आपण वेड्यासारख्या हाका मारतोय.

भिंतीला धरून त्या उठल्या. इतक्या माणसांसमोर त्यांनी मूठ गळ्याला लावली आणि ओरडल्या, "टाइमप्लीज!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. "डोक्यावर परिणाम झाला बिचारीच्या," कुणीतरी पुटपुटलं.

"टाइमप्लीज गं, संचू! टाइमप्लीज!"

टाकीपासून हातभर अंतरावर मोडक्या घसरगुंडीचं नळकांडं ताडपत्रीखाली पडलेलं होतं. ताडपत्री हलली. आधी पिवळी टोपी आली, मग घामानं निथळणारा लालबुंद चेहरा.

"मी आऊट नाही ना?" संचितानं विचारलं. "तू किती हाका मारल्यास, आजी! रडल्यासारखा आवाजपण काढलास. मी एकदापण नाही आले."

टाकीच्या काठाला धरून गुणाजी पाण्यातच उभा राहिला. देवेशनं बहिणीला मिठी मारली, तर ती म्हणाली, "सोड रे, ओला आहेस."

पर्समध्ये फोन पुन्हा वाजू लागला.

"आता पक्कं लिंबू ना मी?"

रमाबाईंनी मान डोलावली.

"मग सोड ना टाइमप्लीज. मी परत लपते."

रमाबाईंनी दुसऱ्या हातानं तिचं मनगट घट्ट पकडलं. गळ्यावरची मूठ मात्र त्यांनी काढली नाही.