नावानं दिलेलं आवतण

शिळफाट्याला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस असो, पुढाऱ्याचं स्वागत असो की भावपूर्ण श्रद्धांजली, यंत्र एकच आणि शाईचा उग्र वासही एकच. गिऱ्हाईक फोटो आणतं तो बहुतेक कुणाच्या तरी लग्नातला असतो, शेजारच्याचा अर्धा खांदा त्यात आलेला. मी त्यातून माणूस सोडवते, चेहरा उजळ करते, केस बसवते, आणि घरच्यांनी सांगितलं तर अंगात कोटही चढवते. आमच्या गावच्या कमळ्यानं जन्मभर बनियनवर शेती केली, पण श्रद्धांजलीच्या बोर्डावर तो निळ्या कोटात आहे. त्याच्या बायकोनंच सांगितलं होतं, "जरा सायबावानी दिसू दे गं."

माझा धाकटा भाऊ साईनाथ मुंबईत एका जाहिरात कंपनीत सोशल मीडियाचा प्रमुख आहे. म्हणजे नक्की काय करतो, हे आमच्या आईला शेवटपर्यंत समजलं नाही. तो बिस्किटाच्या वतीनं शुभ सकाळ म्हणतो, बिल्डरच्या वतीनं गणपतीला नमस्कार करतो आणि कुठे अपघात झाला की एका नगरसेवकाच्या वतीनं हळहळतो. दुसऱ्याच्या तोंडून बोलायचं आणि आपण नामानिराळं राहायचं, ही त्याची कला. खोपोलीच्या कॉलेजातून निघालेला पोरगा त्या कलेवर काचेच्या केबिनपर्यंत पोचला. पण जीव सगळा नाटकात. नोकरी सांभाळून तो नाटकांचा निर्माता झाला. मोबाईलवर त्याच्या नाटकांचं इतकं कौतुक व्हायचं की विचारू नका, आणि नाट्यगृहात मात्र पुढच्या दोन-तीन रांगा भरल्या तरी मिळवली. त्याही आम्ही नातेवाईकच.

आई त्याचं एकही नाटक न बघता गेली. पनवेलच्या दवाखान्यात ती शेवटची घरघर लागून पडली होती तेव्हा हा कुठल्याशा जाहिरातीच्या मोहिमेत अडकला होता. पोचला तो सगळं आटोपल्यावर. रडला नाही. मोबाईल उलटा ठेवून भिंतीकडे बघत बसला.

गेल्या दिवाळीत तो माझ्याकडे मुक्कामाला होता. मी चहा घेऊन खोलीत गेले, तर हा पलंगावर दोन मोबाईल घेऊन बसलेला. उजव्या हातातल्या मोबाईलवर त्यानं लिहिलं, "छान रं बाला. जेवलास का?" डाव्या हातातला वाजला. त्यानं तो वाचला, हसला, आणि उत्तर लिहिलं, "हो आई." त्या उजव्या मोबाईलवर आईचं खातं होतं. नाव सोनाबाई, आणि फोटो मी श्रद्धांजलीसाठी केलेला, मोरपंखी पैठणीतला. ती पैठणी आईची नव्हे, माझ्या संगणकातली. आईच्या अंगाला असलं काही कधी लागलं नव्हतं.

"हे काय रं?" मी विचारलं.

"प्रमोशन," तो म्हणाला, जसं काही मी पीठ कुठल्या गिरणीचं विचारलं.

मग हळूहळू बाहेर आलं. एकटी आईच नव्हती. माझ्या दुकानातल्या संगणकावरून त्यानं गावातल्या सगळ्या गेलेल्यांचे फोटो उचलले होते, आणि प्रत्येकाचं खातं उघडलं होतं. हीच मंडळी त्याच्या नाटकाखाली "आम्ही येतोय", "कडक", "पुन्हा बघणार" असं लिहीत असत. "जित्या मानसाचा फोटो वापरला तर तक्रार येते, ताई. मेलेली मानसं तक्रार करत नायत."

मी चांगलं झापलं त्याला. पण झापताना त्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं. गालफडं बसली होती, डोळे खोल गेले होते. दिवसभर माणसांत असायचा आणि बोलायचा तो फक्त त्या खात्याशी. मोबाईलमध्ये का होईना, त्याला आई आहे तर असू दे, म्हटलं.

एप्रिलमध्ये त्यानं कर्जतला प्रयोग लावला. 'माथेरानचा जावई' नावाचं हलकंफुलकं नाटक, रविवारी दुपारी चारला. घराजवळचा पहिलाच प्रयोग आणि बुकिंगच्या खिडकीवर माशी नाही. प्रयोगाच्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता. "हाही पडला तर मी निर्माता म्हनून संपलो, ताई." मग म्हणाला, काळजी करू नको, रात्रीच एक जालीम उपाय केलाय. जेवढे म्हणून मोबाईलवरच्या त्याच्या नाटकाच्या पानाला जोडलेले आहेत त्या सगळ्यांना यंत्रानं आपोआप निरोप गेले, प्रत्येकाला त्याच्या नावानं. सखाकाका, तुम्ही यायलाच पाहिजे, तुमची खुर्ची राखून ठेवली आहे. अमुकताई, तुम्ही यायलाच पाहिजे. त्यात खरे किती आणि याचे स्वतःचे किती, हे यंत्राला काय कळणार?

आमच्या गावात जत्रेच्या नाटकाचं आवतण द्यायला आमचा सहदेवमामा घरोघर फिरतो. दारात उभा राहून तो घरातल्या प्रत्येकाचं नाव घेतो. पण ज्या घरात माणूस गेलंय तिथं तो एकही नाव उच्चारत नाही, नुसतं "समस्त मंडळींनी यावं" म्हणतो आणि पाय मागं घेतो. कारण नावानं बोलावलं की गेलेल्या माणसालाही यावंच लागतं, आणि ज्यानं बोलावलं त्यानं नावानं निरोप दिल्याशिवाय त्याला उठता येत नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. साईनाथलाही होतं, पण मुंबईत गेल्यावर माणूस गावचं गावालाच ठेवून जातो.

मी त्याला काही बोलले नाही. लख्ख दिवस, चटके बसायला लागलेलं ऊन, त्यात असल्या गोष्टी कोण बोलणार?

दारावर तिकिटं बघायला मीच उभी होते. थोडे नातेवाईक, काही शिक्षक, एक-दोन हौशी जोडपी, आणि सहदेवमामा. तिसरी घंटा झाली तेव्हा आत निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून दार लावलं आणि तिथंच स्टुलावर बसले. त्यानंतर माझ्यासमोरून कोणीही आत गेलं नाही.

थोड्या वेळानं आतून शाईचा वास यायला लागला. माझ्या दुकानातला, ओल्या फ्लेक्सचा. मी दार किलकिलं करून पाहिलं. नाट्यगृह भरलं होतं.

सगळ्या माना समोर. रंगमंचावर जावई घोड्यावरून पडला, पुढचे शिक्षक खो खो हसले, पण मागच्या एकाही रांगेत हालचाल नाही. अंधाराला डोळे सरावले तसे चेहरे दिसू लागले, एकजात गोरे, एकजात तुकतुकीत. कडेच्या खुर्चीत निळा कोट होता. कोटाची बटणं मी घाईत नीट बसवली नव्हती, ती तशीच तिरकी होती.

बाजूच्या जिन्यानं मी विंगेत पळाले. साईनाथ पडद्याच्या फटीतून बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ताई, फुल्ल हाय," तो कुजबुजला. "आणि आई आलीय. पयल्या रांगेत बघ."

मी बघितलं. मोरपंखी पैठणी.

नाटक संपलं. नटांनी वाकून नमस्कार केला, त्यांना उजेडात एवढंच दिसत होतं की खुर्च्या भरल्यात. ते बिचारे खुशीत रंगपटाकडे गेले. खरी माणसं टाळ्या वाजवून अंधारातच बाहेर पडली. वॉचमन माझ्याजवळ आला आणि कुरकुरला, "मॅडम, ती मंडळी उठत नायत. पंखे बंद करायचेत मला." त्याला त्यांच्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मी त्याला बाहेर चहाला पाठवलं.

सहदेवमामा मात्र मधल्या वाटेत उभा होता, पांढराफटक.

"आवतण कोनी दिलं?" त्यानं विचारलं. साईनाथनं मोबाईल पुढं केला. मामानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नावानं बोलावलंस ना? आता नावानं वाटेला लाव. भाईर ऊन हाय तंवर लाव."

साईनाथ रंगमंचावरून उतरला आणि पहिल्या खुर्चीपाशी हात जोडून उभा राहिला. सखाकाका, गावच्या नाटकात जन्मभर राजा झालेला माणूस. "सखाकाका, बरं वाटलं आलात," साईनाथ म्हणाला. काका उठू लागले. "या हं परत."

अर्धे उठलेले काका पुन्हा खाली बसले.

"या काय म्हनतोस, मेल्या!" मामा ओरडला. "पाव्हन्याला 'या' म्हनतात. ह्यांना 'जा' म्हन!"

निघालेल्या माणसाला "जा" म्हणायची आपली जीभच नाही. कट्टर वैऱ्यालाही आपण दारातून "या" म्हणूनच वाटेला लावतो. तरी साईनाथनं म्हटलं, "सखाराम, जा." काका उठले, मान न वळवता वाट चालत गेले आणि दारातल्या उन्हात दिसेनासे झाले. मग धोंडूबाई. मग कमळ्या, त्या कोटात. एकेका नावाला एकेक खुर्ची रिकामी होत गेली. शाईचा वास कमी होत गेला. साईनाथचा आवाज शेवटी शेवटी माझ्या ओळखीचा राहिला नव्हता.

पहिल्या रांगेत आई उरली. साईनाथ तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

"हिला राहू दे, मामा."

"उठव तिला, पोरा."

"ती नाटक बघायला आलीय. पयल्यांदा आलीय." मग तो आईकडे वळला आणि लहान पोरासारखं त्यानं विचारलं, "आई, कसं वाटलं?"

आईची मान समोरच होती. ओठ हलले. आवाज तिचाच होता.

"छान रं बाला. जेवलास का?"

साईनाथचा चेहरा असा फुलला की मला हुंदका आला. "त्या दिवशी मी वेळेवर नाय आलो," तो म्हणाला. "लय वाट बघितलीस का गं?"

"छान रं बाला. जेवलास का?"

"रागावलीस काय?"

"छान रं बाला. जेवलास का?"

त्याला त्याचं काही वाटलं नाही. हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. तो उठला, पैठणीचा पदर हातात घेतला आणि म्हणाला, "चल, तुला पोचवतो. ताई, मी आलोच."

मामा "नको, नको" करत धावला, पण त्या वयात तो कुठला पोचतोय. मी झेप घेऊन साईनाथची कॉलर धरली. आमच्याकडे पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवतात. ही वेशीवर थांबणारी नव्हती.

"साईनाथ, आईनं तुला कवा छान म्हटलं होतं?"

त्यानं पदर आणखी घट्ट धरला.

"एकदा तरी? दहावीला? नोकरी लागली तवा?"

"...नाय."

"मग काय म्हनायची?"

"थेरं बंद कर म्हनायची. तोंडाला रंग फासून कोनाचं भलं झालंय, म्हनायची."

"ती आपली आई. कडू जिभेची. तिनं तुला कवाच छान म्हटलं नाय, आणि आता म्हननारबी नाय. हे तू लिवलेलं हाय, बाबा. ही तुझ्याच अक्षरांची हाय." मी रडत होते, पण कॉलर सोडली नव्हती. मला आईपेक्षा तो हवा होता, आणि हे मोठ्यानं म्हणायला मला लाज वाटली नाही. "मला तू पायजेस रं."

त्यानं तिच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. ती समोरच बघत होती, रिकाम्या रंगमंचाकडे, गोरी आणि हसरी. आमची आई फोटोत कधी हसली नव्हती. ते हसू घरच्यांच्या समाधानासाठी मीच तिच्या ओठांवर जरासं ओढलं होतं.

साईनाथच्या हातातून पदर सुटला.

"आई, जा," तो म्हणाला.

ती हलली नाही. मामानं डोळे मिटून घेतले. "नावानं, पोरा. नावानं घालव."

कुठला मुलगा आईला नावानं हाक मारतो? साईनाथनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढले.

"सोनाबाई," तो म्हणाला, "जा."

ती उठली. दारापाशी क्षणभर थांबली, मागून कोणी येतंय का बघणाऱ्या पाहुण्यासारखी, पण वळली नाही. साईनाथ जागचा हलला नाही. ती उन्हात गेल्यावर तो खुर्चीत बसला आणि मुटकुळं करून रडला, पनवेलला रडायचं राहून गेलं होतं तेवढं सगळं. वॉचमन चहा पिऊन परत आला तरी त्याचं थांबत नव्हतं, आणि माझ्या मुठीत त्याची कॉलर तशीच होती.