सारूख म्हणतात मला

मी एक ग्राइंडर बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतोय, त्याला माझा इलाज नाही. लोखंड कापायचं, ठिणग्या उडवायच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची दुपारची झोप मोडायची, एवढंच मला येतं. पण माझ्या नावापायी एक भला माणूस मेला आणि दुसऱ्याची बोटं गेली, म्हणून आज लोखंड सोडून तुमच्याशी बोलतोय.

आधी नावाचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. इजिप्तचे कारागीर मला 'सारूख' म्हणतात. सारूख म्हणजे क्षेपणास्त्र. माझी किंकाळी ऐकून आणि मागे उडणारी ठिणग्यांची शेपटी बघून कुण्या मिश्किल मिस्त्रीनं ते नाव ठेवलं असणार. तिकडे एखादी ठसकेबाज पोरगी रस्त्यानं गेली तरी तिलाही सारूखच म्हणतात. त्यामुळे नावाचा मला कधी राग आला नाही, उलट थोडा तोराच होता.

माझा जन्म चीनमधल्या कुठल्याशा कारखान्यातला. आईबाप आठवत नाहीत, खोका तेवढा आठवतो. कैरोच्या हत्यारांच्या बाजारात मला उस्ता शहातानं उचललं. उस्ता म्हणजे तुमचा मिस्त्री. हा इजिप्तमधल्या मिन्या गावाकडचा माणूस, मिशा झुपकेदार, बोलणं त्याहून झुपकेदार. दुकानदार माझे गुण सांगत होता, तर यानं मला चालू केलं, कानाशी धरलं आणि म्हणाला, "गळा चांगला आहे याचा. चल बाबा, परदेशी जाऊ." एका जुन्या घोंगडीत गुंडाळून त्यानं मला लिबियात, त्रिपोलीला आणलं.

तिथे हाज मिलाद यांच्या घराच्या तळमजल्यावर आमचं वर्कशॉप होतं. हाज म्हणजे तुमचे हाजी. ते बंदरावर नोकरी करून निवृत्त झालेले, बायको वारलेली. रोज दुपारी शेंगदाणे घातलेल्या चहाचा पेला घेऊन खाली यायचे आणि तीच तक्रार करायचे.

"उस्ता, तुझ्या या राक्षसाचं तोंड बांध रे. माझ्या दाढा हलायला लागल्या."

"हलतायत म्हणजे अजून आहेत, हाज! अल्लाचे आभार माना."

मग दुसरा पेला उस्ताच्या हातात यायचा. तक्रार हा नुसता बहाणा होता, म्हाताऱ्याला बोलायला माणूस हवा होता.

त्यांची मुलगी इंतिसार वरच्या मजल्यावर काम करायची. शहराच्या दक्षिणेला लढाई पेटली तशी दुसरी लढाई फोनवर पेटली होती. 'आज संध्याकाळी विषारी वायू सोडणार', 'पाण्यात विष कालवलं', 'शत्रूची पाणबुडी किनाऱ्याला लागली' अशा आरोळ्या दिवसभर उठायच्या, आणि माणसं पोराबाळांना काखोटीला मारून पळत सुटायची. त्या पळापळीतही माणसं मरायची. इंतिसार आणि तिच्या चार मैत्रिणी या आरोळ्या तपासायच्या. धुराची चित्रफीत कधीची, फोटोतला मिनार कुठल्या गावचा, सावली कुठल्या वेळेची, हे खणून काढायच्या आणि खरं काय ते लिहायच्या.

"आज किती खोटी मारलीस?" हाज विचारायचे.

"मारली नाहीत, बाबा. पकडली फक्त. मरत नाहीत ती."

लढाईत आमचं काम मात्र वाढलं. जो तो खिडक्यांना लोखंडी पत्रे बसवून घेत होता. त्यातच मोहल्ल्यातल्या शाळेचं फाटक तोफगोळ्यानं वाकडंतिकडं झालं होतं. ते कापून काढायचं काम उस्ताला मिळालं, शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. मी एकटा पुरणार नव्हतो. उस्ताचा मेहुणा बदावी लिबियातल्याच मिसराता शहरात होता, त्यानं माझे काही भाऊबंद गाडीत घालून पाठवले. ते पोचले त्या दिवशी उस्ता खुशीत आला आणि एका हातानं मला चालवत दुसऱ्या हातानं फोन तोंडाशी धरून त्यानं निरोप धाडला.

"बदावी, सारूख पोचले रे! दोन हाज मिलादच्या जिन्याखाली ठेवलेत, बाकीचे माझ्याजवळ. एक सकाळीच चालवून बघितला. वल्लाही, लोखंड लोण्यासारखं फाटलं! आता शुक्रवारी नमाज झाली की सगळे घेऊन शाळेवर तुटून पडतो. तासाभरात फडशा!"

बदावीनं तो निरोप कौतुकानं मिन्यावाल्यांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुणीतरी पुढे ढकलला, आणि तिसऱ्या-चौथ्या उडीत तो लिबियाच्या माणसाच्या कानात पडला. लिबियात मला सारूख म्हणत नाहीत, ते मला माझ्या चकतीवरून हाक मारतात. त्या कानाला सारूख म्हणजे एकच गोष्ट. तुमच्याकडे 'ध'चा 'मा' झाला तेव्हा निदान कुणालातरी एक अक्षर खोडावं लागलं होतं. इथे तेवढेही कष्ट पडले नाहीत.

फोनवरच्या एका भडक पानानं त्या आवाजामागे नगारे वाजवले, लाल अक्षरं नाचवली: 'घराच्या जिन्याखाली क्षेपणास्त्रं! शुक्रवारी शाळेवर हल्ला!' मागून येणारी माझी किंकाळी लोकांना क्षेपणास्त्राच्या यंत्राची वाटली. खोट्याला पाय नसतात म्हणे. नसतील, पण पंख असतात. दुपारपर्यंत लाखोंनी ते ऐकलं, आणि आमच्याच गल्लीतल्या एका दीडशहाण्यानं खाली घराचा पत्ता लिहून टाकला.

गुरुवारी सकाळी बंदूकवाले आले. त्यांचा म्होरक्या फैतूरी लढाईआधी जुने टायर विकायचा, आता मोहल्ला त्याच्या ताब्यात होता. इंतिसार नेमकी मैत्रिणीकडे गेली होती. हाजना त्यांनी जिन्यावरच भिंतीशी दाबून धरलं.

"सारूख कुठायत?"

"ते काय, टेबलावर!" उस्तानं माझ्याकडे बोट केलं. त्याला वाटलं, माल जप्त करायला आलेत.

बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर बसला. दोन दात फरशीवर माझ्या चकतीजवळ येऊन पडले.

"थट्टा करतोस? सारूख कुठायत, सारूख?"

"हाच, साहेब! आईची आण, हाच सारूख!"

जितक्या वेळा तो खरं बोलला तितक्या वेळा त्याला मारलं. खोटं बोलला असता तर कदाचित वाचला असता, पण खोटं बोलायचं तर काय बोलायचं हेही त्याला कळेना. जिन्याखालचे खोके फोडले, तर आतून माझेच दोन भाऊ निघाले. तरी फैतूरीच्या डोक्यात उजेड पडेना. तो म्हणाला, "ही तर बनवायची हत्यारं. तयार माल कुठे दडवला ते बोल."

मग त्यांच्यातला एक हसत माझ्याजवळ आला. "हा सारूख काय? बघू तरी याचा मारा." जनरेटर चालूच होता. दोघांनी उस्ताचा उजवा हात टेबलावर दाबून धरला. हाज जिन्यावरून ओरडत होते, "अरे, देवाला भ्या! देवाला भ्या!"

मी लोखंडासाठी जन्मलो. मांस मला माहीत नव्हतं. ते काही अडवत नाही, फार पटकन सरतं. हाडाशी मी क्षणभर अडखळलो आणि मग टेबलाच्या पत्र्यावर आदळून ठिणग्या उडाल्या. उस्ताची दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि मधलं, सळीच्या तुकड्यांसारखी बाजूला पडली. माझ्या गळ्यातून आवाज मात्र तोच निघत होता, खिडकीची जाळी कापताना निघतो तोच. दुसरा आवाज मला काढता येत नाही, याची एवढी चीड मला कधीच आली नव्हती.

"उद्या नमाजपर्यंत माल दाखव," फैतूरी म्हणाला, "नाहीतर गोळी." उस्ताला ओढत नेलं. मला रक्तात तसंच टाकलं.

इंतिसार आली तेव्हा हाज टेबलापाशी बसून ती बोटं रुमालात गुंडाळत होते. रुमालाची गाठ काही बसेना. तिनं त्यांच्या तोंडून सगळं ऐकलं, आणि 'हाच सारूख, हाच सारूख' हे शब्द ऐकल्यावर ती थांबली. तिनं फोनवर तो निरोप पुन्हा लावला. मग मला उचलून सुरू केलं, आणि दोन्ही आवाज शेजारी शेजारी ऐकले.

तिनं बदावीला फोन लावला. "दादा, तुमच्यात सारूख कशाला म्हणतात?"

"अहो ताई, ज्यानं लोखंड कापतात त्याला! आणि कशाला म्हणणार?" काय झालं ते बदावीच्या तेव्हा ध्यानात आलं असावं, कारण पुढे नुसतं त्याचं रडणं ऐकू आलं.

"जन्मभर या इजिप्तवाल्यांच्या मालिका बघितल्या आपण," हाज म्हणाले. "प्रेम कसं करायचं ते इजिप्तीत येतं आपल्याला. लोखंड कसं कापायचं ते नाही आलं."

इंतिसारनं रडायला वेळ घेतला नाही. शहरातल्या इजिप्ती मिस्त्र्यांना तिनं निरोप धाडले. माणसं घाबरून दडून बसली होती, तरी एकेकानं आपला ग्राइंडर हातात धरून चित्रफीत पाठवली: "हा माझा सारूख." "हा माझ्या बापाचा सारूख." ते सगळं, आणि माझा आवाज निरोपातल्या आवाजाशी जोडून, तिनं खरं काय ते मांडलं. खाली लोकांनी लिहिलं, 'कितीला विकली गेलीस?'

मग मला पिशवीत घालून ती वडिलांबरोबर थेट फैतूरीच्या नाक्यावर गेली. "तुम्हाला क्षेपणास्त्र हवं होतं. आणलंय," म्हणाली. बंदुका रोखल्या गेल्या. तिनं हळूच पिशवी उघडली.

फैतूरीनं तिची चित्रफीत शेवटपर्यंत बघितली आणि खो खो हसत सुटला. "अरे, मग आधी नाही का सांगायचं!"

"तो तेच सांगत होता," हाज म्हणाले.

उस्ताला बाहेर ढकललं. तोंड सुजून डोळे मिटले होते, हाताला कुणाचा तरी मळका सदरा गुंडाळलेला. पण इंतिसार हलेना. "तुमच्याही पानावर हे खोटं छापलंय. खोटं होतं म्हणून आज, आत्ता लिहा. पलीकडचेही वाचतात ते. त्यांना वाटेल इथे खरंच साठा आहे."

"लगेच कसं लिहू? लोक हसतील मला," फैतूरी म्हणाला. "उद्या बघू."

त्या माणसाला लोकांच्या हसण्याची भीती वाटली. हे आठवलं की अजून माझी चकती जागच्या जागी फिरते.

शुक्रवारी नमाज सुटली. हाज घरी आले, वर इंतिसारकडे गेले. उस्ता हाताची पट्टी बदलायला गल्लीच्या टोकाच्या औषधवाल्याकडे गेला होता. मी वर्कशॉपपुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतो. स्फोट मी ऐकला नाही, मी त्यात होतो. शेडसकट उडून रस्त्यात पडलो. धूळ बसली तेव्हा वरचा मजला खालच्यावर टेकला होता आणि आतून इंतिसारची हाक येत होती. तो गोळा कुणाचा ते आजवर कळलेलं नाही. दोन्हीकडच्या पानांनी तो मोठ्या अभिमानानं आपलाच म्हणून सांगितला.

उस्ता धावत आला. गल्ली जमली, हातांनी दगड उपसू लागली. स्लॅबच्या सळ्या मात्र कुणाला हलवेनात. उस्तानं इकडेतिकडे बघितलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, "सारूख! सारूख!"

आणि सगळी गल्ली पळाली. दगड टाकून, चपला टाकून, एकमेकांना तुडवत. उस्ता एकटा उभा राहिला, आकाशाकडे नाही, जमिनीकडे बघत, मला शोधत.

तेव्हा स्लॅबखालून इंतिसार ओरडली. तोंडात धूळ, पायावर तुळई, तरी ओरडली, "पळू नका! मशीन मागतोय तो! कापायचं मशीन!"

पळालेले एकेक करून परत आले. कुणी मला उचललं, कुणी जनरेटर आणला. बटण दाबायला उस्ताच्या उजव्या हाताला बोट नव्हतं. त्यानं डाव्या हातानं दाबलं, आणि त्या दीडशहाण्यानं, ज्यानं पत्ता लिहिला होता त्यानंच, माझं अंग धरलं. मी कापत गेलो. ठिणग्या खाली हाजच्या पांढऱ्या झब्ब्यावर पडत होत्या. ते मुलीच्या अंगावर पालथे पडलेले, स्लॅबचा भार त्यांच्या पाठीनं घेतला होता. झब्बा पेटू नये म्हणून एक बाई तांब्यातांब्यानं पाणी ओतत होती आणि मोठ्यानं रडत होती. हाजना त्या पाण्याचं काही नव्हतं. इंतिसार जिवंत निघाली, एक पाय तिथेच राहिला.

त्याच संध्याकाळी त्या भडक पानावर धुळीतल्या माझ्या ठिणग्या झळकल्या. खाली लिहिलं होतं: 'दारूगोळा अजून फुटतोय!' इंतिसारनं ते दवाखान्याच्या खाटेवर बघितलं. वडिलांना मूठमाती देऊन माणसं अजून परतायची होती. तिनं फोन मागून घेतला आणि झोपल्या झोपल्या खरं काय ते लिहायला घेतलं.

उस्ता मिन्याला परत गेला. तीन बोटांनी मला पेलणं त्याला जमेना. जाताना मला इंतिसारच्या खिडकीत ठेवलं, माझ्या पाठीवर डावा हात फिरवला. आता माझ्या चकतीला गंज चढलाय. इंतिसार कुबडी टेकवून बसते, तपासते, लिहिते. आज किती मारलीस, असं विचारणारं आता कुणी नाही.

मी यंत्र आहे, तुम्हाला काय शिकवणार? एवढंच म्हणतो, की असा एखादा आवाज तुमच्या फोनवर आला तर पुढे ढकलण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा, बाबा रे, तुला काय म्हणायचंय? तो निरोप अजून फिरतोच आहे. दर काही महिन्यांनी कुठल्यातरी नव्या गावाचं नाव लावून येतो. इंतिसार तो शेवटपर्यंत ऐकते, आणि मीही ऐकतो. त्यात उस्ता खुशीत हसत असतो, मागे मी ठणठणीत ओरडत असतो, आणि मला धरलेल्या त्याच्या हाताला अजून पाचही बोटं असतात.