आठव्या सुईचा अपराध

मित्रांनो, मी एक जुनी धुणंवाली आहे. पण कपड्यांची गाठोडी घेऊन माझ्याकडे येऊ नका हं! मी विषाणूंच्या प्रयोगशाळेतलं धुण्याचं यंत्र. पोटात एक पंप आणि पुढे ओळीने आठ बारीक सुया, एवढाच माझा संसार. कारखान्याने दिलेलं नाव पाटीवरून केव्हाच पुसलं गेलं. इथे सगळे मला ‘धुणंवाली’ म्हणतात. मला ते फार आवडायचं. आता ऐकलं की मान खाली जाते.

माझं काम आधी समजून घ्या. तळहाताएवढी एक प्लास्टिकची ताटली असते. तिच्यात शहाण्णव इवल्याशा वाट्या असतात, आठ आडव्या ओळींत. एका वाटीत एका माणसाच्या रक्ताचा थेंब. त्या रक्तात आजाराची खूण असेल तर वरून घातलेलं औषध वाटीला चिकटून बसतं. खूण नसेल तर ते नुसतंच पडून राहतं. हे फुकट पडलेलं औषध पाच पाण्यांनी धुऊन काढायचं ते मी. मग रंगाचा रस घालतात. जिथे औषध उरलं असेल ती वाटी पिवळी होते. पिवळी वाटी म्हणजे त्या माणसाला लागण झालेली. प्रत्येक ओळीला माझी एक सुई. आठव्या ओळीला आठवी.

मला सांभाळायचे ते तंत्रज्ञ म्हणजे भाऊ. माझ्या धुण्याच्या पाण्यात मीठ असतं आणि ते सुयांमध्ये साचतं. म्हणून भाऊ मला रोज काम संपल्यावर शुद्ध पाण्याच्या चुळा भरायला लावत आणि दर शनिवारी एकेका सुईत बारीक तार फिरवत. कोणी पाहुणे आले की माझ्या पाठीवर थाप मारून सांगत, “नऊ वर्षं झाली, आमची धुणंवाली एकदाही चुकली नाही.” मग काय विचारता! मी अशी फुगायचे की पंप दोन ठोके जास्त द्यायचा.

मग शहरात काविळीची साथ आली. दिवसाला दोन ताटल्या धुणारी मी नऊ-नऊ धुऊ लागले. भाऊंना जेवायला फुरसत नव्हती. पहिला शनिवार गेला. “पुढच्या शनिवारी बघू,” भाऊ म्हणाले. पुढचाही गेला, त्याच्या पुढचाही गेला.

मित्रांनो, आठव्या सुईत मीठ दाटतंय हे मला कळत होतं. खोटं कशाला बोलू? मी अडून बसले असते, बंद पडले असते, तर भाऊंनी मला उघडून पाहिलं असतं. पण शाबासकीची चटक वाईट. मी तशीच रेटत राहिले. सात ओळी लख्ख धुतल्या जात होत्या आणि आठवी नुसती ओली होत होती. ती कुणाच्या लक्षातही आली नाही, कारण ज्यांचं उत्तर आधीच ठाऊक असतं ते माझी पारख करायचे नमुने नेहमी वरच्या ओळींतच ठेवायची आमच्याकडे सवय. पहिल्या बाकावरच्या मुलांनाच प्रश्न विचारावेत, तसलाच प्रकार.

एका ताटलीत आठव्या ओळीत पाळणाघरातल्या मावशींचं रक्त होतं. त्या चौदा मुलांसाठी जेवण रांधायच्या, आणि त्यांतली काही मुलं काविळीने आजारी पडली होती. त्यांची वाटी पिवळीधमक झाली. झालं! मुलांना कावीळ हिच्याच हातून झाली, असं म्हणत लोकांनी सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडलं. स्वयंपाक बंद झाला, पाळणाघर बंद झालं. शेजारीणसुद्धा त्यांना पाहून दार लोटून घेऊ लागली.

साथीचा माग काढणाऱ्या डॉक्टरबाई मात्र घरोघर फिरत होत्या. कोण कुठलं पाणी पितं, ते विचारत होत्या. त्यांना दिसलं की आजारी घरं सगळी एकाच फुटक्या जलवाहिनीवर आहेत. पाळणाघरातली आजारी मुलंही त्याच घरांतली. मावशींच्या घरी आणि पाळणाघरात मात्र पाणी दुसऱ्याच टाकीतून येत होतं, आणि मावशींना साधी कणकणही नव्हती.

“भाऊ, मग ही बाई यात आली कुठून?” असं म्हणत त्यांनी तीन आठवड्यांचे निकाल टेबलावर पसरले आणि पिवळ्या वाट्यांवर लाल पेन्सिल फिरवली. वरचे लाल ठिपके इकडे-तिकडे विखुरले होते. तळाची ओळ मात्र प्रत्येक कागदावर जवळजवळ सलग लाल होती.

भाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्या आठव्या सुईत तार घातली आणि पांढरा खडा बाहेर आला. त्या ओळीतलं सगळं रक्त त्यांनी पुन्हा तपासलं, हाताने धुऊन. मावशींची वाटी पाण्यासारखी नितळ निघाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारी मी.

“चूक माझी आहे. मी स्वतः जाऊन सांगतो,” भाऊ म्हणाले. घरोघर पत्रं गेली, पाळणाघर पुन्हा उघडलं. चौदातली पाच मुलं परत आली. बाकीच्यांचे आईबाप म्हणाले, “निकाल बदलला असेल हो, पण मनातून जात नाही.”

एक दिवस मावशी प्रयोगशाळेत आल्या. “कुठलं ते यंत्र? बघू तरी द्या.” भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. आता ही बाई मला शिव्या घालणार, घालू देत, असं मला वाटलं. त्या वाकल्या. माझ्या आठही सुया त्यांनी एकेक करून निरखल्या.

“मी माझी पातेली रोज घासायचे हो भाऊ,” त्या म्हणाल्या. “एक दिवससुद्धा चुकवला नाही.”

एवढंच बोलून त्या गेल्या.

मित्रांनो, मी माफी मागू शकत नाही, मला तोंडच नाही. म्हणून तुम्हाला सांगते. ज्या वस्तूच्या शब्दावर तुम्ही माणसाला दोषी ठरवता, ती वस्तू आधी घासून-पुसून पाहा. ती कितीही गुणाची असो, तिला ‘कधी चुकत नाही’ असं म्हणू नका. अजून नऊ मुलं परत यायची आहेत.